तुटलेला धागा आणि थांबणारे यंत्र : टोयोटाच्या इतिहासाचा एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला – अर्थशास्त्र)

‘टोयोटा’ हा शब्द मी प्रथम वाचला तो माझ्या मामाच्या गाडीवर. पुढे अर्थशास्त्राच्या तासाला औद्योगिक संघटन हा विषय शिकविताना सरांनी याच कंपनीचा उल्लेख केला आणि सहज म्हणून सांगितले की, हिचे मूळ मोटारीत नसून मागात आहे. आमचे घर इचलकरंजीचे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तेथे पहिला यंत्रमाग बसविला आणि तेव्हापासून त्या गावाची झोप मागांच्या खडखडाटातच लागते. माझे वडील गेली अनेक वर्षे यंत्रमागावर काम करतात. त्यामुळे सरांचे ते वाक्य माझ्या मनातून जाईना. जगातील सर्वांत मोठ्या मोटार कंपन्यांपैकी एक कंपनी धोटा आणि धाग्यातून कशी जन्मली, आणि तिच्या मोटारी टिकाऊ असतात असे जे सर्वत्र बोलले जाते त्यात तथ्य किती, हे शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

सुताराचा मुलगा

साकिची टोयोदा यांचा जन्म १८६७ साली जपानमधील एका खेड्यात, सुताराच्या घरी झाला. घरोघरी स्त्रिया हातमागावर राबत. आई रात्री उशिरापर्यंत विणीत बसलेली असे. तिचे कष्ट पाहून या मुलाने मागात सुधारणा करण्याचा ध्यास घेतला असे सांगतात. १८९१ साली त्यांना लाकडी हातमागाचे पहिले पेटंट मिळाले. त्यानंतर त्यांनी यांत्रिक शक्तीवर चालणारे माग बनविले आणि १९२४ साली, मुलगा किइचिरो यांच्या साहाय्याने, ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग सिद्ध केला.

या मागाचे वैशिष्ट्य समजण्यासाठी साध्या यंत्रमागाची थोडी माहिती हवी. कापडात उभे धागे असतात तो ताणा, आडवे असतात तो बाणा. आमच्याकडच्या साध्या मागावर बाण्याचा धागा तुटला तर माग थांबतो. परंतु ताण्याचा एखादा धागा तुटला तर माग आपला चालतच राहतो, आणि त्या जागी कापडात उभी फट पडत जाते. ती वेळीच दिसली तर ठीक, नाहीतर मीटरच्या मीटर कापड खराब होते. साकिचींच्या मागात ताण्याचा धागा तुटताच यंत्र आपोआप थांबे. धाग्याच्या आधाराने उभी राहिलेली हलकी पट्टी, धागा तुटला की खाली पडे आणि मागाची गती रोखी. शिवाय धोट्यातील सूत संपत आले की माग न थांबता धोटा बदलला जाई. यामुळे प्रत्येक मागाशेजारी डोळ्यांत तेल घालून उभे राहण्याची गरज उरली नाही आणि एकच कामगार एका वेळी पुष्कळ माग सांभाळू लागला.

वरवर पाहता ही एक तांत्रिक युक्ती आहे. परंतु तिच्या पोटात एक मोठा विचार आहे. चूक झाली की यंत्राने ती पुढे रेटावयाची नाही, तेथेच थांबावयाचे. पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यांत या तत्त्वाला ‘जिदोका’ असे नाव मिळाले. यंत्राला माणसाची समज देणे, असा त्याचा भावार्थ सांगता येईल.

मागाकडून मोटारीकडे

१९२९ साली इंग्लंडमधील ओल्डहॅम येथील प्लॅट ब्रदर्स या त्या काळच्या बलाढ्य यंत्रनिर्मात्या कंपनीने या मागाचे हक्क घेण्याचा एक लाख पौंडांचा करार केला. ज्या इंग्लंडने जगाला यंत्रमाग दिला त्याच इंग्लंडने जपानी माणसाचे पेटंट घ्यावे, ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती. दुसऱ्याच वर्षी, १९३० मध्ये, साकिची निवर्तले. किइचिरो यांच्या मनात मात्र मोटारींनी घर केले होते. १९३३ साली मागांच्या कारखान्यातच मोटारींचा विभाग सुरू झाला. १९३५ साली पहिला ट्रक, १९३६ साली पहिली ‘एए’ मोटार, आणि २८ ऑगस्ट १९३७ रोजी स्वतंत्र मोटार कंपनी अशी ही वाटचाल आहे.

नावाची कथाही मनोरंजक आहे. घराण्याचे आडनाव टोयोदा, म्हणजे सुपीक भातखाचर. १९३६ साली मोटारीसाठी ‘टोयोटा’ असा उच्चार स्वीकारण्यात आला. जपानी लिपीत तो आठ फटकाऱ्यांत लिहिता येतो आणि आठ हा आकडा तिकडे शुभ मानतात. पुढे ज्या कोरोमो गावी कारखाना उभा राहिला त्याचेही नाव १९५९ साली बदलून टोयोटा करण्यात आले. कंपनीने गावाचे नाव घेण्याऐवजी गावाने कंपनीचे नाव घेतले!

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. आज विश्वासार्ह म्हणून नावाजलेल्या या कंपनीचे पहिले ट्रक मुळीच विश्वासार्ह नव्हते. १९३५ साली टोकियोतील प्रदर्शनासाठी निघालेला ट्रक वाटेतच बिघडला. विकलेले ट्रकही वारंवार बंद पडत. तेव्हा विक्रीची जबाबदारी सांभाळणाऱ्या शोतारो कामिया यांनी सुरुवातीला ट्रक जवळपासच्या भागातच विकण्याचे धोरण ठेवले, म्हणजे बिघाड झाला की माणूस लगेच पाठविता यावा. कोणता भाग तुटला, का तुटला, याची माहिती कारखान्यात परत येई आणि पुढचा ट्रक थोडा बरा निघे. दोष लपविण्याऐवजी तो समजून घेण्यासाठी ग्राहकाजवळ राहणे, ही शिकवण कंपनीला या दिवसांत मिळाली.

१९५० : बुडता बुडता

युद्धानंतर जपानची अर्थव्यवस्था मोडकळीस आली. १९४९ च्या चलनसंकोचाच्या धोरणामुळे मोटारींना गिऱ्हाईक उरले नाही. टोयोटा दिवाळखोरीच्या काठावर आली. कामगारकपात होणार नाही असे आश्वासन कंपनीने दिले होते, ते पाळता आले नाही. १९५० च्या वसंतात मोठा संप झाला, सुमारे दोन हजार कामगारांना काम सोडावे लागले आणि किइचिरो यांनी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. त्याच जून महिन्याच्या २५ तारखेस कोरियाचे युद्ध पेटले. अमेरिकन सैन्याकडून ट्रकच्या मागण्या आल्या आणि कंपनी तरली. एका देशावरची आपत्ती दुसऱ्या देशातील कारखान्याला संजीवनी ठरली, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये. किइचिरो मात्र १९५२ साली, वयाच्या ५७ व्या वर्षी निधन पावले. आपल्या कंपनीचे वैभव त्यांना पाहता आले नाही.

त्याच १९५० साली त्यांचे चुलतबंधू एइजी टोयोदा अमेरिकेतील फोर्डचा कारखाना पाहून आले. फोर्डप्रमाणे अफाट साठा करून ठेवण्याइतका पैसा टोयोटाकडे नव्हता. या गरिबीतूनच नवी पद्धत जन्मली. तिचे प्रमुख शिल्पकार ताइइची ओनो हे मूळचे टोयोदांच्या कापड गिरणीतले. ते १९४३ साली मोटार कंपनीत आले आणि मागाचे तत्त्व त्यांनी मोटारीला लावले. जेवढा माल पुढे लागेल तेवढाच मागे तयार करावयाचा, आणि त्याची मागणी एका चिठ्ठीने कळवावयाची, तिला ‘कानबान’ म्हणतात. अमेरिकन सुपरमार्केटमध्ये फळीवरची वस्तू उचलली की रिकामी जागा भरतात, त्यावरून ही कल्पना सुचल्याचे ओनो यांनी लिहिले आहे. दुसरी व्यवस्था ‘आंदोन’ची, म्हणजे दिव्यांच्या फलकाची. कामगाराला दोष दिसला की त्याने दोरी ओढावयाची. दिवा लागतो, वरिष्ठ धावत येतो, आणि दोष निघाला नाही तर सारी रांग थांबते.

ओनो यांचा आणखी एक नियम म्हणजे पाच वेळा ‘का?’ विचारण्याचा. त्यांनीच दिलेले उदाहरण असे : यंत्र का थांबले? फ्यूज उडाला. तो का उडाला? भार जास्त झाला. भार का वाढला? बेअरिंगला वंगण पुरेसे नव्हते. वंगण का नव्हते? पंप नीट ओढत नव्हता. का ओढत नव्हता? त्याचा दांडा झिजला होता, कारण गाळणी नसल्याने धातूचा कीस आत जात होता. पहिल्याच ‘का’वर थांबणारा माणूस फ्यूज बदलून घरी जातो. पाचव्यापर्यंत जाणारा गाळणी बसवितो. १९६५ साली गुणवत्तेसाठीचे मानाचे डेमिंग पारितोषिक टोयोटाला मिळाले.

मालकांचा अनुभव

कारखान्यातील तत्त्वे कितीही उदात्त असली, तरी खरी परीक्षा रस्त्यावर होते. १९५७ साली टोयोटाने अमेरिकेत आपली विक्री कंपनी काढली. १९५८ या वर्षात तिच्या २८७ क्राउन मोटारी आणि एकच लँड क्रूझर खपली. क्राउन जपानच्या खडबडीत, संथ रस्त्यांसाठी बनविलेली होती. कॅलिफोर्नियाच्या सरळ महामार्गांवर सतत वेगाने धावताना तिचे इंजिन तापे, गाडी थरथरे आणि चढावर दम टाकी. अखेर तिची निर्यात थांबवावी लागली. कंपनी पुन्हा कामाला लागली आणि १९६५ साली त्या रस्त्यांना झेपेल अशी कोरोना मोटार घेऊन परतली. १९६६ साली आलेल्या कोरोलाने तर इतिहासच घडविला. २०२१ पर्यंत या नावाच्या पाच कोटींहून अधिक गाड्या खपल्या होत्या.

ऑस्ट्रेलियात स्नोई पर्वतातील जलविद्युत प्रकल्पावर लँड क्रूझरने नाव मिळविले. १९६८ साली आलेली हायलक्स ही छोटी मालवाहू गाडी जगातील ओसाड मुलुखांत पोहोचली. १९८७ साली चाड आणि लिबिया यांच्यातील युद्धात चाडच्या सैनिकांनी अशा गाड्यांचा इतका वापर केला की त्या युद्धाला ‘टोयोटा युद्ध’ असेच नाव पडले. २००३ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात जुनी हायलक्स समुद्राच्या भरतीत बुडविली, पाडावयाच्या इमारतीच्या माथ्यावर ठेवली, तरी ती किरकोळ दुरुस्तीनंतर चालू झाली.

आपल्याकडे टोयोटा आली तीही मराठी माणसाच्या हाताला हात देऊन. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. त्यांच्या लोखंडी नांगरालाही शेतकरी प्रथम हात लावायला कचरत होते. त्याच घराण्यातील विक्रम किर्लोस्कर यांच्या पुढाकाराने टोयोटाशी आधी कापडयंत्रांचा आणि नंतर, १९९७ साली, मोटारींचा संयुक्त उद्योग बंगळूरजवळ बिदडी येथे उभा राहिला. येथेही आधी माग, मग मोटार! २००० साली क्वालिस आली, २००५ साली तिची जागा इनोव्हाने घेतली. आज पंढरपूर, तुळजापूर, ज्योतिबाच्या रस्त्यावर उभे राहून मोजले तर यात्रेकरूंच्या गाड्यांत इनोव्हा किती दिसतात, हे वाचकांना ठाऊकच आहे.

माझा मामा प्रवासी वाहतुकीचा धंदा करतो. त्याची पूर्वीची गाडी दुसऱ्याच एका कंपनीची होती. एकदा आंबा घाटात भर दुपारी तिचे पाणी उकळले आणि आतले वऱ्हाड मुहूर्त टळेपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून राहिले. भाडे बुडाले आणि त्या घराने पुन्हा कधी मामाची गाडी सांगितली नाही. त्यानंतर त्याने कर्ज काढून जुनी इनोव्हा घेतली. तिने आता चार लाख किलोमीटर ओलांडले आहेत. या लेखासाठी मी त्याला कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, “पोरी, गाडीचं निम्मं आणि माझं निम्मं. तेल-पाणी येळंवर दिलं की ती बी येळंवर पोचवती.”

मामाच्या या उत्तरात एक शास्त्रीय मुद्दा दडला आहे. टिकाऊ म्हणून जी गाडी नावाजली जाते तिला जपणारा मालकही मिळतो, कारण ती चालेल असा त्याला भरवसा असतो. शिवाय चार लाख किलोमीटर चाललेली गाडी आपल्याला रस्त्यावर दिसते. मोडीत गेलेली दिसत नाही. तेव्हा केवळ ऐकीव कौतुकावरून अनुमान काढणे धोक्याचे. तरीही अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’सारख्या संस्था मालकांकडून पद्धतशीर माहिती गोळा करतात आणि त्यांच्या यादीत टोयोटा व तिचीच लेक्सस वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकांवर राहिल्या आहेत, हे मान्य केले पाहिजे.

नाण्याची दुसरी बाजू

एवढ्यावर लेख संपविला तर ती जाहिरात होईल. २००९ साली ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात एक लेक्सस गाडी आवरता न आल्याने चौघांचा मृत्यू झाला. पायाखालची चटई वेग वाढविण्याच्या पेडलमध्ये अडकणे आणि काही गाड्यांतील पेडलच चिकटून राहणे, अशी दोन कारणे पुढे आली. लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २४ फेब्रुवारी २०१० रोजी कंपनीचे अध्यक्ष आकिओ टोयोदा अमेरिकन संसदेच्या समितीपुढे उभे राहिले. कंपनीची वाढ फार वेगाने झाली असावी, अशी कबुली त्यांनी दिली. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत मात्र सरकारी तपासात दोष सापडला नाही. पण २०१४ साली, सुरक्षेबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल कंपनीला १२० कोटी डॉलर दंड भरावा लागला. म्हणजे धागा तुटला होता, तो दिसलाही होता, पण माग वेळेवर थांबविला गेला नाही.

कामगाराच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. सातोशी कामाता या जपानी पत्रकाराने १९७० च्या दशकाच्या आरंभी टोयोटात हंगामी कामगार म्हणून काम केले आणि रांगेच्या वेगाने माणूस कसा पिळून निघतो याचे चित्र आपल्या पुस्तकात रेखाटले. २००२ साली टोयोटाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या कामावरील तीस वर्षांचा एक कामगार पहाटे कामावरच कोसळून मरण पावला. २००७ साली नागोया येथील न्यायालयाने तो मृत्यू अतिश्रमाने झाल्याचा निर्णय दिला. कंपनी ज्याला स्वेच्छेचे गुणवत्ता-कार्य म्हणत होती, तेही न्यायालयाने कामाचेच तास धरले. गाडीत दोष राहू नये म्हणून झटणारा माणूसच तुटला, आणि दोरी कोणी ओढली नाही. बिदडीच्या कारखान्यातही २०२० साली कामाच्या ताणावरून वाद होऊन टाळेबंदी झाली होती.

पाच वेळा ‘का?’

हा अभ्यास करीत असतानाची एक घटना सांगून लेख संपविते. एका रात्रपाळीत वडिलांच्या सहा मागांपैकी एकावर ताण्याचा धागा तुटला. ते दुसऱ्या मागावर सांधा मारीत होते. लक्ष जाईपर्यंत बरेच कापड खराब झाले आणि आठवड्याच्या पगारातून त्याची कपात झाली. घरी कोणी काही बोलले नाही. मी वही घेतली आणि ओनो यांच्या पद्धतीने लिहून काढले.

कापड का खराब झाले? धागा तुटला तरी माग चालत राहिला. का चालत राहिला? ताण्याचा धागा तुटल्यावर थांबण्याची सोय त्या मागात नाही. का नाही? तो बंद पडलेल्या गिरणीतून मोडीच्या भावाने आणलेला जुना माग आहे. जुना का? मालकही दुसऱ्याचे सूत मजुरीवर विणून देतो. मीटरमागे मिळणाऱ्या पैशात नवा माग बसत नाही. पाचव्या ‘का’ला मी अडले. ते उत्तर आमच्या गल्लीत नाही, बाजारात आहे, सरकारी धोरणात आहे, कदाचित आमच्या पाठ्यपुस्तकातही कोठेतरी आहे. पण एवढे नक्की की पाचांपैकी एकाही उत्तरात माझ्या वडिलांचे नाव आले नाही. कपात मात्र त्यांच्याच पगारातून झाली.

मी त्यांना साकिचींच्या मागाविषयी सांगितले. शंभर वर्षांपूर्वी असा माग निघाला होता हे ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “माग थांबला की मजुरी बी थांबती, बाळ. थांबल्यावर पैसं कोण देणार, ते लिहिलंय का तुझ्या पुस्तकात?”

या प्रश्नाने माझा सारा अभ्यास मला पुन्हा तपासून पाहावा लागला. टोयोटाच्या गाड्यांची कीर्ती यंत्रांमुळे आहे असे मी समजत होते. खरे पाहता ती एका कराराने टिकली आहे : दोरी ओढणाऱ्याला शिक्षा होणार नाही. जेथे हा करार पाळला गेला तेथे गाडी चांगली निघाली. जेथे वेगाच्या, नफ्याच्या किंवा नाचक्कीच्या भीतीने तो मोडला, तेथे त्याच कंपनीच्या गाड्यांनी आणि कारखान्यांनी माणसे गमावली. मीटरवर मजुरी मिळणाऱ्या माणसाच्या हाती दोरी दिली, तरी तो ती ओढणार कशी?

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी काहीजण उद्या कचेरीत बसतील, काही शाळेत शिकवतील, कोणी कारखान्याचे हिशेब पाहील. आपल्या हाताखाली कोणीतरी ‘येथे चूक झाली आहे’ असे सांगायला येईल. त्या वेळी त्याची कपात न करता त्याच्याबरोबर पाचव्या ‘का’पर्यंत जाण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे. माझ्यापुरते बोलावयाचे तर, वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. तृतीय वर्षाला श्रमाचे अर्थशास्त्र हा विषय घेण्याचे मात्र मी ठरविले आहे.